पाठराबेकाकांचं नाक आणि पोटमाळ्यावरची बाळंतीण

पाठराबेकाका पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा नमस्कार नाही, चमत्कार नाही. उंबऱ्यातच थांबले, डोळे मिटले, हनुवटी वर केली आणि नाकाने असा काही श्वास ओढला की दारातला पडदा त्यांच्या दिशेने झुकला. निदान मला तरी तसं दिसलं. मग डोळे उघडून माझ्या सासूबाईंना म्हणाले, "घरात बाळंतीण आहे."

माझं लग्न नुकतंच झालेलं. साताऱ्याहून भोपाळला येऊन सामानाच्या दोऱ्यासुद्धा अजून सोडल्या नव्हत्या. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. ह्यांनी पेपर तोंडासमोर धरला. मी धरणी दुभंगायची वाट बघत उभी राहिले. काकांना मात्र आपण काय बोलून बसलो याचा पत्ताच नव्हता. त्यांनी बोट छताकडे केलं आणि म्हणाले, "वर. पोटमाळ्यावर. पिल्लं आहेत तिची. ती निघत नाही तोवर कोणी काठी-गिठी घालायची नाही, सांगून ठेवतो." आणि चहासुद्धा न घेता गेले.

हे होते आमचे जोडशेजारी. मूळचे वर्ध्याकडचे, कारखान्यात सीनियर इंजिनिअर, एकटे राहणारे. पत्नी माझ्या लग्नाआधीच गेलेली, मूलबाळ नाही. पुढे माझी मुलं त्यांना काका म्हणायला लागली म्हणून आम्हीही काका म्हणायला लागलो. मला ते पहिल्या दिवसापासून वहिनी म्हणत आणि या विचित्र नात्याचा हिशेब आम्ही दोघांनीही कधी केला नाही.

आणि ती बाळंतीण म्हणजे उदमांजर. तुम्ही पाहिलं नसेल तर सांगते. मांजर म्हणावं तर तोंड मुंगसासारखं निमुळतं, मुंगूस म्हणावं तर अंग धुरकट काळं आणि शेपूट अंगाएवढं लांब. दिवसभर झोपतं, दिवेलागणीला उठतं. फळं, उंदीर, झुरळं, कशालाच नाही म्हणत नाही. राहायला त्याला उंच, उबदार आणि अंधारी जागा लागते, आणि आमच्या टाउनशिपची जुनी क्वार्टर्स तर जणू त्याला विचारूनच बांधलेली. वर सिमेंटचे पत्रे, खाली पांढऱ्या तावांचं सपाट छत, मधे माणूस रांगत जाईल एवढी पोकळी. दोन-दोन क्वार्टर्स एका छपराखाली जोडलेली, आणि मधली भिंत छपरापर्यंत न्यायची बांधणाऱ्यांना आठवणच राहिली नव्हती. म्हणजे खाली दोन बिऱ्हाडं आणि वर पोटमाळा दोघांत एक. शिवाय प्रत्येकाच्या परसात आंबा, जांभूळ, पपई. घरं अलॉट झाली माणसांना, पण खरा ताबा उदमांजरांचा होता.

काका कारखान्यात ट्रान्सफॉर्मरच्या टेस्टिंगला होते. तिथे मीटर होते, यंत्रं होती, पण काकांचा भरवसा फक्त नाकावर. हे सांगतात की मोठा ट्रान्सफॉर्मर चाचणीला लावलेला असायचा, सगळे काटे जागच्या जागी, आणि कोपऱ्यात खुर्चीवर बसलेले काका एकदम उठायचे. "बंद करा. आत कागद करपून राहिला." उघडून पाहिलं की तारेवरचा कागद खरोखर करपलेला असायचा. "डोळ्याले फसवता येते, नाकाले नाही," हे त्यांचं ब्रीदवाक्य. कुणी हुज्जत घातली की ते त्याच्याकडे बघायचेही नाहीत, नुसतं हुंगायचे आणि म्हणायचे, "तुम्ही सकाळी बिनआंघोळीचे आले." आणि हुज्जत तिथेच संपायची.

या नाकाची त्यांनी जी बडदास्त ठेवली होती ती राजाच्या घोड्याला मिळाली नसेल. दिवाळी ते होळी नाकावर मफलर. घरात उदबत्ती नाही, पावडर नाही, फिनेल नाही. भोपाळच्या लग्नांत अत्तर फार, म्हणून काका लग्नाला जात नसत. आहेर दुसऱ्या दिवशी फाटकातून देऊन येत. गणपतीच्या आरतीला कापराच्या उलट्या बाजूला उभे राहत. आमच्या मराठी मंडळाच्या जेवणावळीत तर बायकांना त्यांची धास्तीच. पार मांडवाच्या टोकाला बसून जाहीर करायचे, "वरण लागलं खाली." वाढपी मुली हसायच्या, मुदपाकखान्यातल्या बायकांच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या, आणि वरण लागलेलंच असायचं.

पण काकांना टाउनशिपमध्ये खरी कीर्ती मिळाली ती आंबेमोहोराच्या प्रकरणापासून.

भोपाळात तेव्हा आंबेमोहोर मिळत नसे. त्यामुळे आम्हा मराठी घरांत एक रीत होती: पुण्या-साताऱ्याकडे जो जाईल त्याने आंबेमोहोराची पिशवी आणायची आणि घरटी वाटी-वाटी द्यायची. मंडळाच्या घटनेत हे लिहिलेलं नव्हतं, पण घटनेपेक्षा कडक होतं. अशात काणेवहिनी भावाच्या लग्नाहून परत आल्या आणि पिशवी इटारसीला गाडीतच राहिली म्हणाल्या. ठीक आहे, राहिली तर राहिली. पण त्याच आठवड्यापासून रोज दिवेलागणीला काण्यांच्या घरावरून जाताना आंबेमोहोर शिजल्याचा घमघमाट यायला लागला. आधी कुजबुज झाली, मग फिरायला जाणाऱ्यांनी मुद्दाम ती गल्ली धरली. माझ्या सासूबाई फाटकापाशी चप्पल नीट करण्याच्या निमित्ताने वाकल्या आणि घरी येऊन म्हणाल्या, "नवा तांदूळ आहे. मऊ शिजवते आहे." त्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काणेवहिनींना वाण मिळालं, पण कुणी हसून बोललं नाही. बिचारी मोरीत जाऊन रडली.

शेवटी काण्यांनी पाठराबेकाकांना बोलावलं. काका उंबऱ्यात थांबले, डोळे मिटले, हुंगलं. आम्ही अर्धा डझन बायका कुंपणाशी उभ्या, जीव मुठीत धरून, कारण आता निकाल लागणार होता. काका म्हणाले, "हा भात नव्हे. भाताले वाफ असते. याले वाफ नाही." आणि शिडी मागवली.

वर पत्र्याखालच्या लाकडी वाशावर एक चकचकीत ओघळ होता. उदमांजर शेपटीखाली जी वासाची पिशवी बाळगतं तिची ती सही. ही जागा माझी, असं ते जाता-येता घासून सांगतं, आणि त्या सहीचा वास हुबेहूब आंबेमोहोरासारखा. काकांनी हे सांगितलं तरी कोण विश्वास ठेवणार? मग एकेक जण शिडी चढून वासा हुंगून आलं. माझ्या सासूबाई नऊवारीचा काष्टा सावरत चढल्या, बराच वेळ वर राहिल्या आणि खाली येऊन गंभीरपणे म्हणाल्या, "आंबेमोहोरच. पण जुना." त्यानंतर काणेवहिनींच्या घरी एवढ्या वाट्या भरून खीर, शिरा, लाडू गेले की त्यांना आठवडाभर स्वयंपाक करावा लागला नाही.

तेव्हापासून कुणाच्या छतावर धावपळ झाली, कुणाच्या टाकीच्या झाकणावर जांभळाच्या बियांची रास पडली की बोलावणं काकांना. आणि काका आले की आमच्या रांगेत उत्सव! मुलं मागे, बायका कुंपणाला, आणि काका सेनापतीसारखे पुढे. आधी नाक. मग संध्याकाळी छपराच्या भोकाशी गव्हाचं पीठ पसरायचं. सकाळी पिठात पावलं बाहेर जाणारी दिसली की घर रिकामं, आत येणारीही दिसली की बिऱ्हाड अजून आत. मग पोटमाळ्यावर एक दिवा पेटता ठेवायचा आणि रेडिओ लावायचा, कारण उदमांजराला उजेड आणि गोंगाट सहन होत नाही. काका मुद्दाम खेती-गृहस्थीचा कार्यक्रम लावत. शेजारचे यादव म्हणायचे की ते जनावर गेलं नाही तर आम्हीच जाऊ. छपराला टेकलेली फांदी तोडायची. पडलेली फळं ऊन उतरायच्या आत उचलायची. कचऱ्याच्या डब्याला झाकण. आणि सगळं बाहेर पडल्याची खात्री झाली की मगच भोकाला तारेची जाळी ठोकायची. एकच गोष्ट काका कधी करू देत नसत. बाळंतीण वर असेल तर दिवा नाही, रेडिओ नाही, जाळी नाही. थांबायचं. कितीही दिवस.

"पहा," ते सांगायचे, "खूश असली तर आंबेमोहोर, भ्याली तर गटार. तिनं कोणता वास द्यावा ते आपल्या हाती असते."

हे तिवारीजींनी ऐकलं नाही. तिवारीजी आमच्या समोरचे, हिशेब खात्यातले. त्यांच्या लेकीला बघायला मंडळी यायची होती आणि ऐन वेळी छतावर खुडबुड सुरू झाली. काका थांबा म्हणाले, तर तिवारीजी म्हणाले, "पाठराबेजी, ये कबर-बिज्जू है, मुर्दे उखाड़ता है. शुभ काम में इसका क्या काम?" माझ्या सासूबाईही मान डोलवायला लागल्या, कारण आपल्याकडेही त्याला मसण्याऊद म्हणतातच. काकांचा पारा चढला. त्या गरिबाला पपई सोलता येत नाही, तो कबरी कशाला उकरेल, असं काहीसं म्हणून ते तरातरा निघून गेले. तिवारीजींनी नवं जाकीट घातलं, बांबू घेतला आणि छताच्या झडपेतून वर खुपसला.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं नाही, पण नाकाने पाहिलं, आणि तेही रस्त्यापलीकडून. जाकीट परसात पुरावं लागलं. मंडळी दारात आली तेव्हा तिवारीजी मोरीत बेसन आणि दही अंगाला चोळत बसले होते. अंगाला काय लावायचं ते कुंपणावरून सांगत होते पाठराबेकाका, नाकावर दोन मफलर बांधून. गंमत म्हणजे मुलाचे वडील निघाले समजूतदार. त्यांच्या गावी बिज्जू प्रत्येक वाड्यात असे. लग्न ठरलं. काका लग्नाच्या दुसऱ्या दिवशी फाटकातून आहेर देऊन आले.

असे हे काका. आता मुख्य गोष्ट.

ज्या वर्षी काका रिटायर झाले त्या वर्षी त्यांनी क्वार्टर सोडायलाच नकार दिला. म्हणजे तोंडाने नाही म्हणाले नाहीत. टाउनशिपबाहेर अवधपुरीला त्यांचं घर कधीचं बांधून तयार होतं, कोरं करकरीत, सपाट स्लॅबचं. पण महिने गेले तरी काका हलेनात. आधी म्हणाले रंगाचा वास उतरू द्या. मग म्हणाले मुहूर्त नाही. मग म्हणाले नाक चोंदलं आहे, चोंदलेल्या नाकाने गृहप्रवेश कसा करू. इकडे त्यांचं क्वार्टर एका नव्या साहेबाला अलॉट झालेलं. साहेबाने अट घातली होती की छप्पर बदला, मधली भिंत वरपर्यंत चढवा आणि सगळी भोकं लिंपा. घर वाटपाच्या ऑफिसातून माणूस दोनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा सामान बाहेर काढू म्हणाला. ज्या माणसाच्या एका हुंगण्यावर अख्खा कारखाना चालायचा, त्याची खुर्ची आणि कॉट रस्त्यावर येणार, हे काही मला बघवणार नव्हतं. ह्यांचं तर धाडसच होईना. म्हणाले, "तू जा. तुझं ऐकतात ते."

मी गेले तेव्हा कारखान्याचा संध्याकाळचा भोंगा नुकताच झाला होता. दार नुसतं लोटलेलं. आत पाऊल टाकलं आणि मी थबकले. घरभर भाताचा वास. ताज्या, मऊ आंबेमोहोराचा.

मला आनंदच झाला. म्हटलं, "काका, आज घरी भात लावलात?"

स्वयंपाकघरात डोकावले तर ओटा कोरडा, शेगडी गार, आणि मेसचा डबा न उघडता ठेवलेला. काका पुढच्या खोलीत दिवा न लावता खुर्चीत बसले होते. मग वर पत्र्याखाली हलकीशी पावलं वाजली, आणि त्यामागे बारीक चूं-चूं. मला क्षणात सगळं कळलं. इतक्या वर्षांत आमच्या बाजूच्या पोटमाळ्यावरून आम्ही किती उदमांजरं हुसकली, दिवे लावले, रेडिओ लावले! ती सगळी मधल्या भिंतीवरून पलीकडे जात होती. काकांच्या बाजूला ना कधी दिवा लागला, ना कधी जाळी ठोकली गेली.

"बाळंतीण आहे, वहिनी," काका म्हणाले. "अशी टाकून कसा जाऊ."

मी म्हटलं, आणि ती जाईल तेव्हा? मग दुसरी येईल. मग तिची पिल्लं. मग?

काकांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग नेहमीचा सेनापतीचा आवाज बाजूला ठेवून बोलायला लागले. त्यांच्या पत्नी कुसुमकाकू भोरच्या. काका ज्वारीवर वाढलेले, भात म्हणजे आजाऱ्याचं खाणं असं समजणारे. काकूंनी त्यांना आंबेमोहोराची चटक लावली. भोंगा झाला की त्या भात टाकत, आणि काका सायकलवरून येईपर्यंत वास फाटकापर्यंत आलेला असे. त्या वासानेच ती मला घरात ओढून न्यायची, म्हणाले. त्या गेल्यावर काका संध्याकाळी कुलूप काढायला घाबरायचे. रस्त्यावरच फेऱ्या मारत राहायचे.

"अन् एक दिवस कुलूप काढलं," काका म्हणाले, "अन् वास आला. ही वर आली होती. दिवेलागणीले उठते, जागेवर सही करते. नेमकी माझ्या यायच्या टायमाले." वर बोट दाखवून म्हणाले, "मले ठाऊक आहे ती कोण आहे. नाक खोटं नाही बोलत. पण दारातून आत येईपर्यंत, वहिनी, मी नाकाले विचारतच नाही."

मी घरी आले आणि सासूबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून चांगली हुंदके देऊन रडले. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग दुसऱ्या दिवशी ठेवणीतली नऊवारी नेसल्या आणि काणेवहिनी, तिवारीबाई आणि मला घेऊन थेट घर वाटपाच्या ऑफिसात गेल्या. तिथले साहेब सागर जिल्ह्याकडचे, जरा घमेंडखोर. सासूबाईंनी त्यांना स्वच्छ सांगितलं की त्या घरात बाळंतीण आहे, ती माणूस नाही, उदमांजर आहे, आणि तरी ती निघेपर्यंत पाठराबे निघणार नाहीत. साहेब हसायला लागले. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांचं हिंदी भोपाळात इतकी वर्षं राहूनही साताऱ्याचंच होतं, पण त्या दिवशी एकेक शब्द खणखणीत पडला.

"साहब, जच्चा को घर से कौन निकालता है? तुम्हारे सागर में निकालते हैं क्या?"

साहेबांचं हसू मावळलं. तिवारीबाईंनी लगेच त्यांच्या आईची, बायकोची, लेकरांची विचारपूस सुरू केली. काणेवहिनींनी लाडवांचा डबा टेबलावर ठेवला. थोड्या वेळाने साहेब म्हणाले की छपराचं काम काय, पावसाळ्यानंतरही होईल. बाहेर येऊन आम्ही चौघी भर रस्त्यात अशा खिदळलो की पहारेकरी पाहतच राहिला!

आषाढात एका संध्याकाळी ती निघाली. सगळी रांग आपापल्या खिडकीत, दिवे बंद करून. आई पुढे, तीन पिल्लं एकमेकांची शेपटी धरल्यासारखी मागे, कुंपणाच्या भिंतीवरून जांभळावर, आणि जांभळावरून पानांत. आमच्या पोरांनी तर श्वास रोखून धरला होता. काका अंगणात उभे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पिठातली पावलं पाहिली. सगळी बाहेर जाणारी.

मला वाटलं होतं जाळी आता ते दुसऱ्या कुणाला तरी ठोकायला सांगतील. नाही. स्वतःच शिडी चढले, आधी भोकाशी नाक नेऊन उभे राहिले, मग खिळे मारले. खाली उतरून किल्ली ह्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, "काम पक्कं झालं." नव्या साहेबाला त्या छतात काही सापडणार नव्हतं. टेम्पो अवधपुरीला गेला तेव्हा मफलर नाकावर होता, दिवाळी लांब असूनही.

दिवाळीनंतर मी माहेरहून आंबेमोहोर घेऊन आले. घरटी वाटी-वाटी वाटली आणि एक पिशवी बाजूला काढून अवधपुरीला गेले. फाटक उघडलं आणि पाहतच राहिले. पपईची रोपं अगदी भिंतीला चिकटून लावलेली. पिकून पडलेले पेरू जागच्या जागी. कचऱ्याच्या डब्याला झाकण नाही. शेजारच्या सीताफळाची फांदी दोरी बांधून गच्चीकडे ओढून घेतलेली, आणि गच्चीवर लाकडी खोका, त्याला माझ्या हाताच्या वितीएवढं भोक. आयुष्यभर काकांनी आम्हाला जे-जे करू नका म्हणून रागे भरलं होतं, ते सगळं त्यांनी स्वतःच्या घरी शिस्तीत करून ठेवलं होतं. भोकाशी पीठही पसरलेलं होतं. त्यावर फक्त मुंग्यांच्या रेषा होत्या.

"अजून आली नाही," काका म्हणाले. "नवी वस्ती आहे. तिले पत्ता काय माहीत."

घर स्वच्छ होतं, हवेशीर होतं, आणि कशाचाही वास नव्हता. इतकं वासाविना घर मी कधी पाहिलं नव्हतं. काका चहा करायला उठले. मी म्हटलं चहा नको, कोपऱ्यावरून कोथिंबीर आणून द्या आणि जरा पाय मोकळे करून या. त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं, मफलर गुंडाळला आणि गेले.

मी पिशवी सोडली. तांदूळ धुतले, पातेल्यात टाकले. कुकर नको म्हटलं, वास बाहेर पडला पाहिजे. अवधपुरीला भोंगा लांबून ऐकू येतो, लोणच्याच्या रिकाम्या बरणीत बोलल्यासारखा. तो झाला तेव्हा पाणी उकळायला लागलं होतं. मी सगळ्या खिडक्या उघडल्या, पातेल्यावरचं झाकण थोडं सरकवलं आणि पदराने वारा घालत उभी राहिले. वेडीच झाले होते मी. वास ओट्यावरून पुढच्या खोलीत गेला, तिथून अंगणात.

फाटक वाजलं. खिडकीतून मला काका दिसत होते. कोथिंबिरीची जुडी हातात, मफलर खाली ओढलेला, हनुवटी वर, डोळे मिटलेले. ते आत येत नव्हते, बाहेरही जात नव्हते. मग एकेक पायरी चढत आले, पुढची खोली ओलांडली आणि स्वयंपाकघराच्या दाराला हात टेकून उभे राहिले. पातेल्याच्या सरकलेल्या झाकणाकडे त्यांनी पाहिलं, आणि माझ्याकडे पाहिलं.

"वहिनी," ते म्हणाले, "याले वाफ आहे."